छुपी फौज उभारणाऱ्याने नंतर हात झटकावेत का?

सह्यवारा:
लाओसमधल्या हमोंग या डोंगरी जमातीच्या फौजेबद्दल वाचतोय आणि संताप आवरत नाही. १९६१ मध्ये सीआयएच्या बिल लेअरने व्हांग पाओ या हमोंग अधिकाऱ्याशी बोलणी केली आणि कम्युनिस्टांविरुद्ध डोंगरातल्या शेतकऱ्यांची फौज उभी राहिली. १९६२ च्या जिनिव्हा कराराने लाओस तटस्थ ठरला, म्हणून सगळा कारभार गुपचूप. पुरुष लढायला गेले, शेती बसली. मग ‘एअर अमेरिका’ या सीआयएच्याच विमान कंपनीच्या विमानातून तांदळाची पोती पडली की चूल पेटायची. अशा माणसाला ‘आता पुरे’ म्हणायची सोय उरते का? मोठी माणसं मरत गेली तशा १३-१४ वर्षांच्या पोरांच्या हाती रायफली आल्या. मे १९७५ मध्ये लाँग तिएंगच्या तळावरून व्हांग पाओला विमानाने बाहेर काढलं. बहुतेक सैनिक आणि त्यांची कुटुंबं मागेच राहिली. कित्येकांनी जीव मुठीत धरून मेकाँग नदी ओलांडून थायलंड गाठलं.

जी फौज आपली म्हणायची हिंमत नाही, ती कुठल्याही देशाने उभारू नये.

चिकित्सक:
सहमत नाही. तुम्ही हमोंगांना नुसती प्यादी करून टाकलंत. करारानंतरही उत्तर व्हिएतनामचं सैन्य लाओसमधून हटलं नाही. व्हांग पाओ तर सीआयए येण्याच्या कितीतरी आधी फ्रेंचांच्या बाजूने लढला होता. घरात शत्रू शिरल्यावर बंदूक कोण देतंय हे बघत बसायचं?

मेघना:
‘हमोंगांची लढाई’ असं सरसकट म्हणता येत नाही. फायदांग लोब्लियाओ या हमोंग पुढाऱ्याच्या मागे गेलेले हमोंग पाथेट लाओकडून, म्हणजे लाओसच्या कम्युनिस्टांकडून लढले. बाहेरच्या पैशाने भाऊबंदकी पेटली, हे कुणीच मोजत नाही.

सह्यवारा:
@चिकित्सक, बंदूक देण्याला माझा विरोध नाहीच, लपवण्याला आहे. लपवलं म्हणून अमेरिकी संसदेत १९६९ पर्यंत नीट प्रश्नही विचारले गेले नाहीत. या सैनिकांच्या नावाने आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत स्मृतिफलक लागला तो १९९७ मध्ये!

पानगळ:
मला गुप्ततेपेक्षा दुहेरी मालकी घातक वाटते. अफगाणिस्तानातल्या ‘झीरो युनिट्स’ या छापामार तुकड्या सगळ्यांना माहीत होत्या. कागदोपत्री त्या अफगाण गुप्तचर खात्याच्या, प्रशिक्षण आणि पैसा सीआयएचा. रात्री घरात घुसून माणसं मारल्याच्या १४ घटना ह्युमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने २०१९ मध्ये मांडल्या. ज्याचा मुलगा दारात मारला गेला त्याने तक्रार कुणाकडे करायची? काबूल म्हणणार, आदेश आमचे नव्हते. अमेरिका म्हणणार, माणसं आमची नव्हती.

चिकित्सक:
हा मुद्दा मान्य. पण ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल विमानतळाच्या बंदोबस्तात हीच माणसं उभी होती आणि त्यांतल्या हजारोंना अमेरिकेने नेलं. म्हणजे दरवेळी वाऱ्यावर सोडतात असं नाही.

पानगळ:
नेलं, बरोबर. ज्यांच्या घरांवर छापे पडले त्यांना काय मिळालं, तेही सांगा.