पहिली सायकल: हायब्रिड की रोडबाईक?

वाटसरू:
व्यायामासाठी सायकल घ्यायची आहे. रोज सकाळी तासभर, रविवारी जरा लांब. जमलं तर पुढे २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) करायची फार इच्छा आहे. रस्ता बराचसा चांगला, मध्ये खडबडीत पट्टे. सरळ हँडलची हायब्रिड घेऊ की थेट खाली वळलेल्या ड्रॉप हँडलची रोडबाईक? कारणासकट सांगा.

मधलीकडी:
डोळे झाकून हायब्रिड. नवख्याने आधी रोज सायकलवर बसायला लागलं पाहिजे, वेगाचं नंतर बघू. सरळ हँडल, ताठ बैठक, ब्रेक कायम बोटांखाली, रहदारीत मागे वळून बघणं सोपं. ३५ ते ४० मिमीचे टायर खड्डे पचवतात. २५ मिमीच्या टायरमध्ये हवा जरा कमी असली आणि खड्ड्याची कड लागली, की ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. सुरुवातीलाच असं एक-दोनदा रस्त्यात अडकलं की सायकल कोपऱ्यात जाते.

उतारवारा:
अजिबात पटलं नाही. एन्ड्युरन्स प्रकारच्या (लांब पल्ल्यासाठी, जरा आरामशीर बैठकीच्या) आजच्या बहुतेक रोडबाईकला ३२ मिमीचा टायर बसतो, आणि हँडलही शर्यतीच्या सायकलपेक्षा उंच असतं.

मुख्य मुद्दा हातांचा. सरळ हँडलवर मनगट एकाच कोनात राहतं. लांबच्या राईडला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण तळव्याच्या त्या बाजूची नस दबते. ड्रॉप हँडलवर हात ठेवायला तीन जागा आहेत: वरची आडवी दांडी, ब्रेकचे हूड (लिव्हरच्या वरची रबरी मूठ) आणि खालचा वाक. शिवाय वारा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. समोरून वारा सुटला की ताठ बसलेल्याचा दम तिथेच निघतो.

आणि 'आधी हायब्रिड घेऊ, मग हँडल बदलू' हे तर मनातही आणू नका. व्ही-ब्रेकला (हायब्रिडवर बरेचदा असणारा, रिम दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेक) केबल जास्त ओढावी लागते, रोडचे नेहमीचे लिव्हर तेवढी ओढत नाहीत. लिव्हर, शिफ्टर (गिअर बदलायचे खटके), कधीकधी ब्रेकसुद्धा, सगळंच बदलत बसावं लागतं.

मधलीकडी:
हँडल बदलण्याचं मान्य. पण बधिरपणाचा दोष सरळ हँडलवर टाकू नका. बरेचदा साइज चुकलेला असतो, नाहीतर सीटचं टोक खाली झुकलेलं असतं आणि सगळा भार हातांवर येतो. ते आधी नीट करा, वर बार-एंड (हँडलच्या टोकांना बसणाऱ्या छोट्या मुठी) लावा. २०० च्या ब्रेव्हेला १३ तास ३० मिनिटं मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किमी पुरतात. हायब्रिडवर आरामात होते. फक्त पुढे सस्पेन्शन असलेली घेऊ नका. स्वस्तातलं सस्पेन्शन जड असतं आणि चढावर उभं राहून पॅडल मारताना ताकद खातं.

घाटपाऊल:
दोघांनीही गिअर सोडले! पुढच्या दोन चकत्यांना ५० आणि ३४ दात आणि मागच्या चकत्यांना ११ ते २८ दात असतील, तर तीव्र चढावर नवख्याच्या गुडघ्यांची परीक्षा आहे. मागची सगळ्यात मोठी चकती ३४ दातांची मिळत असेल तर तीच घ्या, चढावर पॅडल हलकं जातं.

वाटसरू:
ड्रॉप हँडलवर गर्दीत ब्रेक पटकन लागतो का? मला तीच भीती आहे.

उतारवारा:
हूडवर हात असेल तर लागतो. वरच्या दांडीवरून बोटं पोचत नाहीत, म्हणून गर्दीत हात तिथे नकोच. उतारावर खालचा वाक धरा, लिव्हरवर जोर जास्त मिळतो. बोटं लहान असतील तर बऱ्याच लिव्हरना अंतर कमी करायचा स्क्रू असतो, विकत घेतानाच तो फिरवून घ्या. रोजची वाट बहुतेक गर्दीतूनच जात असेल तर हायब्रिड घ्या, मी आड येणार नाही. पण ब्रेव्हे खरंच मनात असेल तर माझं मत रोडबाईकलाच.