तूरची लढाई खरोखर निर्णायक होती का?

प्रश्न

इ.स. ७३२ मध्ये आजच्या फ्रान्समधील तूरजवळ फ्रँक या जर्मानिक लोकांचा सत्ताधीश चार्ल्स मार्टेल याने स्पेनचा अरब सुभेदार अब्द अल-रहमान अल-गाफिकीचा पराभव केला आणि त्यामुळे पश्चिम युरोप इस्लामी सत्तेखाली जाण्यापासून वाचला, असे इंग्रज इतिहासकार गिबनपासून अनेकांनी मांडले आहे. याउलट, ती लुटीसाठी निघालेली एक स्वारी होती, असेही पुष्कळ अभ्यासक म्हणतात. अशा लढायांचे महत्त्व नेमके कोणत्या कसोटीवर ठरवावे?

प्रतिसाद १

हरणाऱ्याने कायमचे काय गमावले, हे आधी पाहावे. ७५४ च्या लॅटिन बखरीनुसार रात्रीतून अरबांनी तळ सोडला. सकाळी तंबू रिकामे आढळल्यावर फ्रँकांनी पाठलाग न करता लूट वाटून घेतली आणि ते परतले. दक्षिण फ्रान्समधील नार्बोन शहर तर ७५९ पर्यंत मुस्लिमांकडेच राहिले. पिरेनीज पर्वतापलीकडे, म्हणजे फ्रान्सच्या बाजूला, अरबांचा जोर ओसरण्यास ७४० च्या सुमाराचा उत्तर आफ्रिकेतील बर्बर लोकांचा उठाव आणि ७५० मधील उमय्यद खलिफा घराण्याचा पाडाव अधिक कारणीभूत झाला, असे मला वाटते. ६३६ ची यार्मूकची लढाई याच्या अगदी उलट आहे, कारण तिथे अरबांपुढे बायझंटाईन (पूर्व रोमन) साम्राज्याची फौज मोडली, सीरिया गेला आणि काही वर्षांतच इजिप्तही गेला.

प्रतिसाद २

याच कसोटीवर मी अरबांनी ७१७-७१८ मध्ये बायझंटाईन राजधानी कॉन्स्टँटिनोपलला घातलेला वेढा तूरच्या कितीतरी वर ठेवेन. तिथे राजधानीच पणाला लागली होती, आणि ती पडती तर तिच्यामागे साम्राज्य सावरून धरणारे दुसरे केंद्र उरले नसते. ग्रीक अग्नी (बायझंटाईनांचे पेटते द्रव फेकणारे अस्त्र), कडक हिवाळा आणि शेजारच्या बल्गार लोकांचे अरबांवरील हल्ले यांनी वेढा मोडलाच, शिवाय खलिफाच्या आरमारातील इजिप्शियन ख्रिस्ती खलाशी सम्राट तिसऱ्या लिओला जाऊन मिळाले. ही शेवटची गोष्ट दोन्ही बाजूंच्या गौरवकथांत सहसा गाळली जाते, याचे मला वाईट वाटते.

प्रतिसाद ३

वरील मते मान्य करूनही तूरला क्षुल्लक ठरवू नये. नैऋत्य फ्रान्समधील अक्विटेनचा ड्यूक ओडो याने ७२१ मध्ये तुलूज येथे अरबांना स्वबळावर हरवले होते आणि पुढे एका बर्बर सरदाराशी सोयरीकही केली होती. ७३२ मध्ये मात्र त्याला आपल्या जुन्या शत्रूकडे, म्हणजे मार्टेलकडेच, मदत मागावी लागली. त्यामुळे अक्विटेनवर मार्टेलचा वचक बसला आणि त्याच्या घराण्याचे पारडे जड झाले. तूरचे महत्त्व शोधायचे तर ते फ्रँकांच्या अंतर्गत सत्ताकारणात शोधावे. दोन धर्मांच्या सरळ सामन्यात ते सापडणार नाही.