एका कैद्यावर वर्षाला लाखाच्या वर खर्च आणि आमच्या मराठी शाळेची कौलं फुटलेली?

खानापूरचा_पालक
नमस्कार मंडळी. चार दिवस झाले आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की सरकार शाळेपेक्षा तुरुंगावर जास्त पैसा घालतं. हे खरं आहे का, कुणी नीट सांगेल काय? विचारायचं कारण म्हणजे माझी मुलगी तिसरीत आहे, सरकारी मराठी शाळेत, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या जंगलाजवळच्या गावात. दोन खोल्या, त्यातल्या एकीची कौलं दोन पावसाळे झाले फुटलेली. जुलै लागला की सगळी पोरं एका खोलीत, पहिली-दुसरी मागच्या भिंतीकडं तोंड करून आणि बाकीची फळ्याकडं. शिक्षक एकच, त्यांना मीटिंग असली की शाळा जेवण करणाऱ्या मावशींच्या भरवशावर. मी एसडीएमसीत (शाळेच्या पालक समितीत) आहे, कौलांसाठी तीनदा अर्ज दिला, तिसऱ्यांदा तर कन्नडमधनं लिहून घेऊन दिला, उत्तर एकच, निधी नाही. मग कैद्यांच्या जेवणाला, कपड्याला, डॉक्टरला निधी कुठनं येतो? राग येतो हो.

शहापूर_कट्टा
राग बरोबर आहे, खरं तो मेसेज आपल्याकडचा नाही. मूळ अमेरिकेतलं आहे. तिथल्या शिक्षण खात्यानं २०१६ मध्ये अहवाल काढला होता, १९७९-८० ते २०१२-१३ मध्ये शाळांवरचा सरकारी खर्च १०७ टक्के वाढला आणि राज्य व स्थानिक सरकारांचा तुरुंगांवरचा ३२४ टक्के. म्हणजे तिथंसुद्धा वाढीचा वेग तुरुंगाचा जास्त, एकूण रक्कम शाळांचीच मोठी. फॉरवर्ड होता होता त्याचं हे असं झालं.

आता आपलं बघा. २०१९-२० ला देशभरातल्या सगळ्या तुरुंगांवर मिळून साधारण ५,९५८ कोटी खर्च झाला आणि एकट्या कर्नाटकाचं २०२४-२५ चं शिक्षणाचं बजेट ४४,४२२ कोटी होतं. तुलनाच होत नाही. कैदी तेव्हा पावणेपाच लाखांच्या वर होते, भागिले केलं तर डोई सव्वा लाखाच्या आसपास येतात, तुमच्या शीर्षकातला 'लाखाच्या वर' तेवढा बरोबर आहे. खरं ते पैसे कैद्याच्या पोटात जातात असं समजू नका. प्रत्यक्ष कैद्यांवर गेले साधारण २,०६१ कोटी, त्यात जेवणाचे ९८६ कोटी, म्हणजे दिवसाला माणशी ५६-५७ रुपये, त्यात चहा-नाष्टा आणि दोन्ही जेवणं. बाकीचा मोठा भाग पगार वगैरे. आणि कैद्यांना शिकवणं, हाताला काही काम शिकवणं यावर त्या २,०६१ कोटींतला जेमतेम एक टक्का. मला तरी सगळ्यात जास्त हाच आकडा टोचला.

अतिथी_बाई
मी अतिथी शिक्षिका आहे, सहावं वर्ष. महिन्याला दहा-बारा हजार, तेपण तीन-तीन महिने थकून एकदम येतात, आणि मे महिन्यात शून्य. कर्नाटकात काम करणाऱ्या कैद्यांची मजुरी वाढून दिवसाला पाचशेच्या वर गेली ही बातमी वाचली त्या रात्री मी खरंच रडले, कारण महिन्याचा हिशोब केला तर तो माझ्या पुढं जातो. त्यांची मजुरी कमी करा असं माझं अजिबात म्हणणं नाही, घाम गाळतात त्यांना मिळायलाच पाहिजे. मला एवढंच कळत नाही की पाच वर्ग एकटीनं सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची किंमत कोण आणि कशी ठरवतं. खडूसुद्धा माझ्या पैशाचा असतो.

काकतीकर
बाई, तुमचं पटलं, फक्त एक सांगतो, ती मजुरी शिक्षा लागलेल्यांना. आत जे आहेत त्यातले बहुतेक शिक्षा झालेले नाहीतच. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत शंभरातले ७५-७६ जण कच्चे कैदी, केस चालू असलेले. त्यांना काम नाही, मजुरी नाही, नुसतं तारखा मोजत बसायचं.

हे मला कसं माहीत तर माझ्या मावसभावाचा पोरगा आत आहे. कॉपर वायर चोरल्याची केस, पहिलीच. जामीन मंजूर होऊन पाच महिने झाले तरी आतच आहे, कारण जामीनदार पाहिजे आणि जामीनदाराच्या नावावर जमिनीचा उतारा पाहिजे, आणि आमच्यात कुणाच्या नावावर गुंठाभर नाही. त्याची आई दर पंधरवड्याला भेटायला जाते, एक दिवसाची मजुरी बुडवून, पिशवीत केळी आणि धुतलेला शर्ट. मागच्या वेळी आतनं कागद आला तो कन्नडमधला, तिनं तो चार दिवस पिशवीत घेऊन गावभर फिरवला तेव्हा कुठं एकानं वाचून दाखवला.

हाच पोरगा सातवीपर्यंत हुशार होता हो, वर्गात दुसरा यायचा. गावात शाळा सातवीपर्यंतच, हायस्कूल नऊ किलोमीटरवर आणि सकाळची बस बंद झाली. वर्षभर चालत गेला, मग सुटलं, मग भंगारवाल्याकडं लागला. पालक साहेब, तुम्ही म्हणता कैद्यावर सव्वा लाख कशाला. मी म्हणतो त्या बसला वर्षाला किती लागले असते? आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक सीमालढ्यात हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आले, मराठी शाळा-मराठी कागद यासाठीच ना, आणि आता आमची पोरं चोरीच्या केसमध्ये आत.

वकिली_१५_वर्षं
काकतीकर, पाच महिने थांबायची गरज नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय की जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंगाधिकाऱ्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनदार नाही मिळाला तर कोर्ट स्वतःहून अटी बदलायचा विचार करू शकतं. शिवाय गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशाची मदत मिळू शकते. उद्याच प्राधिकरणात जा, वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोनपण चालतो. जामिनाच्या ऑर्डरची प्रत आणि त्याच्या आईचं आधार, रेशन कार्ड जवळ ठेवा.

आणि दुसरं म्हणजे, नवीन फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ बघा. पहिलाच गुन्हा असेल, दुसरी केस चालू नसेल, तर जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायची तरतूद आहे (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून). साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. पोरगा किती महिने आत आहे?

काकतीकर
चौदा.

वकिली_१५_वर्षं
चौदा? मग जामिनाच्या अटी बदलायचा आणि कलम ४७९ चा, दोन्ही अर्ज करा. मला मेसेज करा, कन्नडमधला ड्राफ्ट मी करून देतो.

खानापूरचा_पालक
काकतीकर, मी रागात लिहून गेलो, माफ करा. मंगळवारी मी बेळगावला येतोय, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात कौलांचा चौथा अर्ज द्यायचा आहे. चालत असेल तर प्राधिकरणात तुमच्याबरोबर येतो, कन्नड मला वाचता येतं. पोराच्या आईला पण घेऊन या, सही त्यांची लागेल.