कुमिहिमोचा गोफ एकसारखा का येत नाही?

परळची विणकर: मी कुमिहिमो या जपानी पद्धतीने 32 खाचांच्या फोमच्या चकतीवर आठ पदरांचे ब्रेसलेट विणते. भुलेश्वरहून आणलेली साटिनची दोरी वापरते. लोकलमध्ये काम मध्येच थांबवले की त्या जागी वीण बिघडते आणि गोफही कुठे घट्ट, कुठे सैल होतो. असे का होत असावे?

गिरगावकर: वीण बिघडते ती बहुधा चकती उलट फिरल्यामुळे. चकतीच्या चार बाजूंना पदरांच्या चार जोड्या असतात; त्यांपैकी वरच्या जोडीतील उजवा पदर खालच्या जोडीच्या उजवीकडे आणि खालचा डावा पदर वरच्या जोडीच्या डावीकडे नेल्यावर चकती पाव वळण, तेही नेहमी एकाच दिशेने, फिरवावी. थांबताना अर्धीच चाल करून एका बाजूला तीन पदर ठेवावेत, म्हणजे पुढची चाल आपोआप कळते.

मुलुंडकर: सैलपणाचे मूळ ताणात आहे. मारुदाई या पारंपरिक लाकडी चौकटीवर प्रत्येक पदराला तामा नावाचे वजनदार रीळ असते आणि मधल्या भोकातून गोफाला खाली ओढणारे वजन, म्हणजे प्रतिभार, लोंबते, त्यामुळे ताण सारखा राहतो; सामुराईंच्या चिलखतांच्या पट्ट्या जोडणारे गोफ याच कलेतले. चकतीवर पदर खाचा धरून ठेवतात, पण गोफाला खाली ओढणारे काही नसते, म्हणून गोफाच्या टोकाला लहानसे वजन अडकवावे. (लोकलमध्ये ते झुलणारच.)

परळची विणकर: आभारी आहे. पदर किती लांब कापावेत?

मुलुंडकर: तयार लांबीच्या साधारण तिप्पट, जाड दोरी अधिक खाते.