मे महिन्यात मुंबईतून एका दिवसाची सहल: आजी, पोरंटोरं, माणशी 600. कुठे जावं?

मुलुंडची_सून
नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी किंवा रविवारी घरच्यांची सहल काढायची आहे. आम्ही तेरा जण. सासू-सासरे, आजेसासूबाई (वय 81, गुडघे कुरकुरतात, पण "मला वगळून जायचं नाही" असा दम दिलाय), आम्ही दोघं, दीर-जाऊ, नणंद आणि तिचे मिस्टर, शिवाय चार पोरं. त्यातलं धाकटं दोन वर्षांचं.

बजेट प्रवास, खाणं, सगळं धरून माणशी 600. गाडी एकच, तीही लहान, त्यामुळे लोकलने जाता आलं तर उत्तम. मुक्काम नको. सावली, बरं स्वच्छतागृह आणि आजींना टेकायला जागा एवढं मिळालं तरी पुरे. सोबत डबा काय न्यावा तेही सांगा. उन्हात खराब व्हायला नको.

वीकएंडवाला
ताई, सरळ लोणावळ्याला बंगला घ्या. आम्ही गेल्या वर्षी घेतला होता. पोहायचा तलाव, कॅरम, बार्बेक्यू, हाताशी केअरटेकर. मुलं पाण्याबाहेर यायलाच तयार नव्हती. शनिवारचे 22 हजार फक्त. तेरा जणांत वाटून घेतले तर कळतसुद्धा नाही. नंबर हवा असेल तर विचारपूस करा.

पाचवी_सीट
@वीकएंडवाला, 600 गुणिले 13 म्हणजे 7800. बाईंनी मुक्काम नको असंही लिहिलंय. धागा वाचायची पद्धत आहे इथे.

सह्यवेडा
माथेरान! मुलुंडहून कर्जत लोकल पकडली की थेट नेरळ, गाडी बदलायची भानगड नाही. नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका. त्याच्यापुढे गाड्यांना बंदी आहे, म्हणून तर हवा अजून टिकून आहे. दस्तुरीपासून थोडं चाललं की अमन लॉज स्टेशन, तिथून मिनी ट्रेनची शटल गावात सोडते. खुद्द नेरळहून निघणारी मिनी ट्रेन 1907 सालची, पोरांना तिचं फार अप्रूप असतं, पण तिच्या फेऱ्या मोजक्या आणि तिकिटं झटपट संपतात. तिच्या भरवशावर तेरा माणसं नेऊ नका. गावात पोचलात की झाडीच झाडी.

खाडीकाठ
माथेरानला अनुमोदन, पण मेमधल्या शनिवार-रविवारी मुळीच नको. नेरळच्या टॅक्सी स्टँडवरची रांग बघूनच आजी परत फिरतील. गावात लाल माती इतकी उडते की संध्याकाळी पांढरे सदरे वीटकरी झालेले असतात. पॉइंट बघायचे म्हणजे पायपीट किंवा घोडा. आणि 81 वर्षांच्या बाईंना घोड्यावर बसवणार कोण?

सह्यवेडा
घोड्यावर कशाला? हातरिक्षा असते ना.

पाचवी_सीट
माणसाने माणसाला ओढायचं, हे अजून सुचवतोय आपण? सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये ती प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलंय. ई-रिक्षा सुरू झाल्यात, त्यांची चौकशी करा.

सह्यवेडा
मी ओढणाऱ्यांच्या पोटापाण्याचंही बोलतोय. ई-रिक्षा त्यांनाच चालवायला द्याव्यात, हीच तर मागणी आहे त्यांची. पण जाऊ दे, धागा सहलीचा आहे.

स्पष्टवक्ता
मुळात मेमध्ये सहल काढायचीच कशाला? मुंबईत घाम, कर्जत-बदलापूरकडे पारा चाळिशीच्या पार. लोक त्याच कर्जतला फार्महाऊस घेऊन दिवसभर एसीत बसतात आणि "निसर्गात गेलो होतो" म्हणून फोटो टाकतात. जुलैत जा. नाहीतर घरी पंख्याखाली आंबे खा.

मुलुंडची_सून
@स्पष्टवक्ता, जुलैत पोरांची शाळा असते आणि नणंद परत नागपूरला गेलेली असते. ती मेमध्येच येते. नागपूरहून आलेल्या माणसाला मुंबईच्या उन्हाची भीती घालू नका, हसेल ती.

चिकूवाडी
केळवे. डोळे झाकून केळवे. किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे, भर दुपारीही खाली चटई टाकून झोपता येतं. शीतलादेवीचं देऊळ जवळच, आजींचं दर्शन होईल. जेवण घरगुती, आधी फोन करून सांगावं लागतं. शाकाहारी थाळी तुमच्या बजेटात बसते. आमच्या भागातले ताडगोळे मिळाले तर पोरांना जरूर द्या, मे महिन्यात त्याच्यासारखं काही नाही. पण साल काढून द्या. नखाने ती पातळ साल सोलताना आतलं पाणी अंगावर उडतं, तेवढी काळजी घ्या.

एक सांगतो, समुद्रात पोरांना घोट्यापलीकडे सोडू नका. किनारा शांत दिसतो, पाणी तसं नाही.

खाडीकाठ
मुलुंडहून केळवे म्हणजे दादरला उतरून वेस्टर्न पकडा, विरारला बदला, मग डहाणू गाडी. ती चुकली की पुढची कधी हे आधी बघून ठेवा, विरारच्या पुढे आपल्यासारख्या दर पाच मिनिटांनी गाड्या नसतात. केळवे रोड स्टेशनवरून किनारा पुन्हा लांब, रिक्षा करावी लागते. परतताना विरारला दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन चढून दाखवा.

चिकूवाडी
आम्ही रोज चढतो.

गेटवेचा_कबुतर
सगळे बाहेर का पळताय? घारापुरी करा! गेटवेहून लाँच, तासाभराचा समुद्र, पोरांना मोठी जहाजं. 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहे. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी जाते. लेण्यांत भर दुपारीही गार वाटतं. सोमवारी बंद असतं, शनिवार-रविवारी चालू.

पाचवी_सीट
त्या छोट्या गाडीच्या पुढे शंभरावर पायऱ्या आहेत हे का गाळलंत? आणि माकडं. माझ्या हातातून वेफर्सचं पाकीट नव्हे, अख्खी पिशवी गेली, आत पाकीट होतं. पैशाचं.

गेटवेचा_कबुतर
पायऱ्यांसाठी डोली मिळते.

पाचवी_सीट
पुन्हा तेच. माणसाने माणसाला...

डोंबिवलीच्या_मावशी
भांडू नका रे. ठिकाण ते ठरवतीलच, मी डब्याचं सांगते.

उन्हाळ्यात बटाट्याच्या भाजीत ओलं खोबरं अजिबात घालायचं नाही. कांदाही नको. फोडणीत हिंग-हळद सढळ, वर लिंबू, आणि भाजी पूर्ण निवल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. गरम डबा बंद केला की आत वाफ धरते आणि अकरा वाजेतो भाजी आंबते. पुऱ्या थोड्या कडक तळा, पीठ घट्ट भिजवून. दशम्या नेल्यात तर दोन दिवस हलत नाहीत.

दहीभात बहुतेकजणी चुकीचा नेतात. दही कालवून नेला की जेवायच्या वेळेला आंबट ढाण. भात मऊ शिजवून गरम असतानाच चांगला घोटायचा, त्यात भरपूर दूध, मीठ, आणि कोमट झाला की चमचाभर विरजण. बस्स. प्रवासात तो आपसूक लागतो आणि दुपारी ताजा, गोड दहीभात तयार. फोडणी वेगळ्या डबीत न्या, जेवताना वरून घाला. भात आधी सैलसर ठेवा, नंतर आळतो.

पन्हं घट्ट गर करून न्या, पाणी तिथे घाला. वेलची आठवणीने.

कल्याणकर_नाना
मावशींना +1. दहीभात दूध घालूनच न्यावा.

स्पष्टवक्ता
पन्ह्यापेक्षा कोकम सरबत बरं. पित्ताला चांगलं.

डोंबिवलीच्या_मावशी
पन्हं ते पन्हं.

कोळीवाड्यातला
कोणी अलिबाग सांगितलं नाही अजून? गेटवेहून मांडवा लाँच, काही लाँचच्या तिकिटातच पुढची अलिबागची बस येते. मेअखेरीला पावसामुळे लाँच बंद व्हायला लागतात, तुमची तारीख त्याआधीची आहे. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं.

ओहोटीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीनला भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे अष्टमीला बाराला किल्ल्यावर जाता येईल, पण डोक्यावर ऊन. पुनवेला सकाळी सहाची ओहोटी तुम्हाला कामाची नाही, संध्याकाळची गाठायला गेलात तर परतीची लाँच जाईल.

पाचवी_सीट
हिशोब मस्त, पण अॅपमध्ये पाऊण तासाचा फरक येतो कधी कधी.

कोळीवाड्यातला
अॅपवाले पुढे-मागे होतील. आमचा आजा पुढे-मागे झाला असता तर मी हे लिहायला नसतो.

सह्यवेडा
छान माहिती. पण किल्ल्यातल्या चढउतारावर आजींचं काय?

खाडीकाठ
आणि मेमध्ये रविवारी गेटवेला लाँचच्या रांगेत उभं राहून दाखवा.

स्पष्टवक्ता
खाडीकाठ साहेबांना सगळीकडे रांगच दिसते.

खाडीकाठ
कारण सगळीकडे असतेच. फुकटचा एक सल्ला देतो, बाकीचं सोडा पण हा घ्या. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, लोकलने जायचं तर शनिवार धरा. आणि सकाळी सातच्या आत घर सोडा. अकरानंतर पोरं आणि म्हातारी माणसं दोन्ही किरकिरतात.

मुलुंडची_सून
सर्वांचे आभार. घरी धागा मोठ्याने वाचून दाखवला. सासऱ्यांना भरतीचा हिशोब इतका आवडला की त्यांनी अख्ख्या महिन्याच्या तिथींसमोर पेन्सिलीने वेळा लिहून ठेवल्यात. सासूबाईंनी मावशींचा दहीभात काल करूनही बघितला, झकास झाला.

मंडळी, आमचं राणीबाग ठरलंय.

वीकएंडवाला
राणीबाग?!

स्पष्टवक्ता
एवढं सगळं ऐकून घेऊन राणीबाग. मुलुंडहून भायखळा म्हणजे सहल झाली का? लोक ऑफिसला जातात त्या रस्त्याने.

मुलुंडची_सून
हो ना, म्हणूनच. एकच गाडी, बदलायची नाही. शनिवारी सकाळी धीमी लोकल, बसून जाऊ. राणीबाग बुधवारी बंद असते, त्यामुळे शनिवारची अडचण नाही. तिकीट मोठ्यांना 50, मुलांना 25, आणि आई-बाबा आणि दोन मुलं असतील तर चौघांचे मिळून 100. आमच्या तेरा जणांचं साडेचारशेत बसतंय. उरलेल्या पैशांत दुपारी सगळ्यांना एसी हॉटेलात जेवण आणि परतताना आजींना टॅक्सी, तरी बजेट शिल्लक राहतंय.

आणि मोठी झाडं. सावलीसाठी नेरळ गाठायचं कशाला? आजींना बाकावर बसवायचं, पोरांनी प्राणी बघायचे, पाळीपाळीने कोणीतरी आजींपाशी थांबायचं. त्यांना पेंग्विन बघायचेच आहेत. ती जागा आतून गार ठेवलेली असते, हे त्यांना नणंदेने सांगितल्यापासून विषयच संपला.

@गेटवेचा_कबुतर, घारापुरीला ज्याच्यामुळे एलिफंटा नाव पडलं तो दगडी हत्ती राणीबागेशेजारच्या संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. तो बघून येऊ, पायऱ्या न चढता.

गेटवेचा_कबुतर
हत्ती बघाल, त्रिमूर्ती कशी बघाल? तरी माहिती बरोबर आहे, मान्य.

पाचवी_सीट
पेंग्विनना मुंबईच्या उकाड्यात ठेवणं मला पटत नाही.

कल्याणकर_नाना
ते हंबोल्ट पेंग्विन आहेत, बर्फातले नव्हेत. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर राहतात. 2016 मध्ये दक्षिण कोरियातून आणले होते.

पाचवी_सीट
पेरू-चिलीला भायखळ्याचा घाम असतो का?

खाडीकाठ
साडेनऊला उघडतं, उघडताच आत शिरा आणि आधी पेंग्विन उरका, बाकी नंतर. दुपारी तिथेही रांग असते. हो, लिहिलंच पुन्हा. भायखळ्याला पूर्वेला उतरायचं, चालत दहा मिनिटं. आजींसाठी टॅक्सी विचारा. जवळचं भाडं म्हणून पहिला नाही म्हणेल, दुसरा-तिसरा तयार होतो.

मुलुंडची_सून
हे कामाचं. धन्यवाद. डबा मात्र न्यायचाच आहे, पोरांना अधेमधे लागतं. दहीभात, पुऱ्या, पन्हं.

स्पष्टवक्ता
बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का ते आधी विचारून घ्या. गेटवर पिशव्या तपासतात.

डोंबिवलीच्या_मावशी
तपासू देत की. माझ्या दहीभातात चमचाभर विरजण सापडेल, दुसरं काय!