झेरॉक्सची झेरॉक्स आणि ऑफिसमधलं स्टार्टचं बटण

पटवर्धन काका (ए-१०२): सोसायटी ऑफिसचा नवीन कॉम्प्युटर कोणी लावला? स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यात असतं ते मधोमध आणून ठेवलंय. मेंटेनन्सच्या पावत्या काढायला बसलो तर दहा मिनिटं त्या कोपऱ्यातच क्लिक करतोय आणि तिथे हवामान दिसतंय. ढगाळ, २६ डिग्री. ते मला खिडकीतूनही दिसतं.

शिंदे (सेक्रेटरी): काका जुना पीसी विंडोज १० वर होता, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्या डब्यावर ११ चढत नव्हतं म्हणून नवीन घ्यायचं ठरलं. मीटिंगला तुम्ही होतात.

पटवर्धन काका: होतो. बटणाचा विषय अजेंड्यावर नव्हता.

शिंदे (सेक्रेटरी): बटण आपण नाही हलवलं, ११ मध्ये ते येतंच मध्ये.

मृणाल (बी-५०१): माझ्या ॲपलच्या मॅकवर पण सगळं खाली मधोमधच असतं काका, पहिल्यापासून. आता यांनी पण उचललं 😂

पटवर्धन काका: म्हणजे कॉपी. सरळ म्हणा की. आमच्या वेळी कॉपी करताना सापडला की पेपर काढून घ्यायचे.

ओंकार (सी-२०१): मग सगळ्यांचेच पेपर काढावे लागतील. एकाच कॉम्प्युटरवर चार-चार डेस्कटॉप उघडे ठेवायची सोय युनिक्स लिनक्सवाले (विंडोज-मॅकसारख्याच दुसऱ्या सिस्टिम) कधीपासून वापरत होते, मॅकला ती २००७ ला आली आणि विंडोजला २०१५ ला. आणि दोघांनी जाहिरात अशी केली की जसा काही शोध यांनीच लावला

मृणाल (बी-५०१): आणि उलटं पण आहे ना. खिडकी कडेला ओढून नेली की बरोब्बर अर्ध्या स्क्रीनवर चिकटते ते विंडोज ७ ला होतं, २००९ मध्ये. मॅकवर तसं ओढून चिकटवायची सोय यायला २०२४ उजाडलं, एवढी वर्षं मी त्यासाठी वेगळं ॲप टाकून बसले होते.

नेने काकू (सी-४०४): टँकर आला का?

शिंदे (सेक्रेटरी): साडेसातला काकू.

समीर (बी-६०३): आत्ता घरी पोचलो. हिंजवडीहून, त्यामुळे किती वाजता निघालो ते विचारू नका. काका ही कॉपीची गोष्ट सुरू कुठून होते ते ऐका. आपण अप्पा बळवंत चौकात जाऊन झेरॉक्स काढतो ना, ती झेरॉक्स मुळात अमेरिकेतली कंपनी. त्यांची कॅलिफोर्नियात पालो आल्टोला लॅब होती, पार्क म्हणायचे तिला. तिथे १९७३ मध्ये अल्टो नावाचा कॉम्प्युटर केला त्यांनी, आणि पुढच्या काही वर्षांत त्यावर माऊसने चालणाऱ्या खिडक्या, मेनू, सगळं आलं. आता १९७९ च्या डिसेंबरात स्टीव्ह जॉब्स ॲपलची माणसं घेऊन ते बघायला गेला, आणि पुढे ॲपलचे तसेच कॉम्प्युटर आले, १९८३ ला लिसा आणि १९८४ ला मॅकिन्टॉश, म्हणजे मॅक. म्हणजे ॲपलने चक्क झेरॉक्सची झेरॉक्स काढली. हा विनोद फक्त आपल्याकडेच होतो, अमेरिकेत सांगून कोणाला हसू येणार नाही.

पटवर्धन काका: आणि झेरॉक्सवाल्यांनी फुकट दाखवलं? एवढे साधे?

समीर (बी-६०३): फुकट नाही. ॲपल तेव्हा शेअर बाजारात यायची होती, त्याआधी झेरॉक्सला एक लाख शेअर दहा लाख डॉलरला घेऊ दिले, त्या बदल्यात आत सोडलं. त्यामुळे चोरी म्हणता येत नाही, टोकन देऊन फ्लॅट बघितल्यासारखं आहे.

देशपांडे काकू (ए-३०४, वकील): टोकन दिलं म्हणजे खरेदीखत झालं असं नसतं बरं का समीर. झेरॉक्सला दहा वर्षांनी जाग आली, १९८९ ला ॲपलवर दावा टाकला, पुढच्या वर्षी कोर्टाने तो बहुतेक सगळा काढून टाकला. हक्क असला तरी झोपून राहिलात तर काही मिळत नाही, हे मी आपल्या पार्किंगच्या बाबतीतही सांगून थकले.

शिंदे (सेक्रेटरी): काकू पार्किंग नको आज प्लीज 🙏

समीर (बी-६०३): एक किस्सा राहिला. त्या भेटीत बिल ॲटकिन्सन नावाचा ॲपलचा इंजिनियर होता. एकावर एक खिडक्या ठेवल्या की खालच्या खिडकीचा जेवढा तुकडा डोकावतो तेवढाच कॉम्प्युटरने रंगवायचा, आणि तोही चालू असताना, हे फार किचकट काम असतं. त्याला वाटलं पार्कच्या स्क्रीनवर आपण हे डोळ्यांनी बघितलंय, म्हणजे होतं, म्हणून परत येऊन तो हात धुऊन मागे लागला आणि करून दाखवलं. नंतर कळलं की पार्कवाल्यांकडे ते नव्हतंच! खालच्या खिडकीत काही बदलायचं तर त्यांना ती आधी वर आणावी लागायची. म्हणजे या माणसाने जे अस्तित्वातच नव्हतं त्याची कॉपी केली

पटवर्धन काका: हे आवडलं. आमच्या बँकेत एकजण सीएआयआयबीच्या बँक परीक्षेला बसला होता, शेजाऱ्याचं चुकीचं उत्तर याने घाईत चुकीचं वाचलं आणि ते बरोबर आलं. शेजारी नापास.

मृणाल (बी-५०१): 😂😂

ओंकार (सी-२०१): अजून एक, ते कट कॉपी पेस्ट पण पार्कमधलंच ना? लॅरी टेस्लर

समीर (बी-६०३): हो, तो आणि टिम मॉट, दोघांनी जिप्सी म्हणून एक एडिटर केला होता त्यात आलं ते. आणि टेस्लर १९८० ला नोकरी सोडून ॲपलमध्येच गेला. आता यात कॉपी कोणी केली सांग. माणूस आपलं डोकं घेऊन दुसऱ्या कंपनीत गेला, डोकं कुठे गेटवर जमा करतात. आमच्याकडे हेच चालतं, इकडच्या कंपनीत जे बघितलं ते तिकडच्या कंपनीत सुचवायचं आणि अप्रेझलला लिहायचं की इनिशिएटिव्ह घेतला.

देशपांडे काकू (ए-३०४, वकील): कायद्याचं सांगते म्हणजे चोर चोर ओरडणं थांबेल. ॲपलने मायक्रोसॉफ्टवर १९८८ ला केस केली की आमच्या स्क्रीनचं रूपच उचललं. झालं काय, १९८५ मध्ये ॲपलनेच मायक्रोसॉफ्टला लायसन्स लिहून दिलं होतं, ते विंडोजच्या पहिल्या आवृत्तीपुरतं आहे असं ॲपल समजून चालली होती. वादातल्या १८९ गोष्टी कोर्टाने मोजल्या, त्यातल्या १७९ त्या करारातच बसल्या. उरलेल्या दहांपैकी बहुतेक गोष्टींवर कोणाची मालकी सांगताच येत नाही असं निघालं. १९९४ ला अपिलातही हरले. करार वाचून सही करावी, बिल्डरचा असो नाहीतर बिल गेट्सचा.

पटवर्धन काका: म्हणजे कल्पना कोणीही घ्यावी?

देशपांडे काकू (ए-३०४, वकील): कल्पना घेता येते, लिहिलेला प्रोग्राम उचलता येत नाही. आपल्याकडे प्रोग्राम हा कॉपीराइट कायद्यात साहित्यकृती धरतात, कादंबरी असते तसा. आणि पेटंट कायद्याचं कलम ३(के) म्हणतं नुसत्या प्रोग्रामला पेटंट नाही. अमेरिकेत पेटंट मिळतं आणि ते महाग पडतं, मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉस सिस्टिममध्ये फाईली दाबून डिस्कवर जागा वाचवायची सोय दिली होती त्यावरून स्टॅक नावाच्या कंपनीने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, १९९४ ला ज्युरीने १२ कोटी डॉलर भरपाई ठरवली. स्क्रीनवर कचऱ्याच्या डब्याचं चित्र काढल्याबद्दल नाही, आतलं यंत्र वापरल्याबद्दल.

नेने काकू (सी-४०४): कचऱ्याचं कोण बोललं? ओला सुका परत मिक्स येतोय सी विंगचा

शिंदे (सेक्रेटरी): काकू तो कॉम्प्युटरमधला कचरा.

ओंकार (सी-२०१): तो पण मिक्सच असतो 😂 आणि डबा पण ॲपलकडे आधी होता, लिसावर १९८३ ला. विंडोज ९५ वाल्यांनी डबा घेतला आणि नाव ठेवलं रिसायकल बिन

मृणाल (बी-५०१): फोनचं तर विचारूच नका. वरून पट्टी खाली ओढून नोटिफिकेशन बघायचं अँड्रॉइडला २००८ पासून, आयफोनला २०११. आणि आयफोनला पहिली दोन वर्षं कॉपी-पेस्टच नव्हतं, २००९ ला आलं! टेस्लर ज्या कंपनीत गेला तिच्याच फोनवर.

समीर (बी-६०३): माझं मत विचाराल तर कॉपीचा राग येण्यासारखं काही नाही, उलट एकमेकांचं बघून करतात म्हणून आपण कुठल्याही मशीनसमोर बसून निदान खिडकी उघडू-बंद करू शकतो. जीव जातो तो अर्धवट कॉपीत. बंद करायची फुली विंडोजला उजवीकडे आणि मॅकला डावीकडे. कंट्रोल सी चं कमांड सी. मॅकवर फाईल कट करून दुसरीकडे टाकायला गेलात तर कंट्रोल एक्ससारखं चालत नाही, कॉपी करायची आणि पेस्ट करताना ऑप्शनचं बटण पण दाबायचं. सगळं माहितीतलं आणि नेमकं बोट जाईल तिथे वेगळं. हे मला वाटतं मुद्दाम, आम्ही नाही बाबा कॉपी केली हे दाखवायला

पटवर्धन काका: याचा अनुभव घेतलाय. मुलीकडे बाणेरला मॅक आहे. जावयाने सांगितलं बाबा माझ्या टॅक्सच्या फाईलमध्ये तेवढी एक ओळ टाकून ठेवा. मी फाईलवर क्लिक केलं, एन्टर दाबलं, उघडली असं समजून मान खाली घालून टाइप केलं. वर बघतो तर फाईल बंदच आणि तिचं नाव झालेलं "कर भरणा तारीख पाहणे". चूक माझी, चष्मा वरच्या खिशात होता.

मृणाल (बी-५०१): हो मॅकवर एन्टर म्हणजे नाव बदला 😂 उघडायला कमांड ओ

समीर (बी-६०३): काका एक मिनिट. मराठी टाइप झालं? मुलीच्या मॅकवर? काही न शिकता?

पटवर्धन काका: झालं की. तिने मराठी कीबोर्ड लावलेलाच होता. के ला क, जे ला र, एच ला प. बँकेत शिकलो तेच.

समीर (बी-६०३): बघा म्हणजे. हे इनस्क्रिप्ट आहे, कीबोर्डवर आपली अक्षरं कुठे असतील त्याची ठरलेली मांडणी. भारतीय मानक ब्युरोने १९९१ च्या मानकात ही मांडणी छापून टाकली, आणि मग विंडोज असो मॅक असो लिनक्स असो, क के वरच. एन्टरला दोघांचं एकमत नाही पण तुमच्या क ला आहे. मागे आपल्या पुण्यातल्या सीडॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेसकट बऱ्याच लोकांचं काम आहे त्याच्या.

ओंकार (सी-२०१): म्हणूनच म्हणत होतो जुना पीसी भंगारात देऊ नका, त्यावर लिनक्स मिंट टाकतो मी, फुकट. बटण डाव्या कोपऱ्यात, दिसायला साधारण विंडोज ७ सारखं, इनस्क्रिप्ट पण आहे. वॉचमनच्या केबिनला व्हिजिटर एन्ट्रीला होईल

पटवर्धन काका: म्हणजे विंडोजसारखं दिसणारं विंडोज नसलेलं. यांना काय म्हणायचं मग?

ओंकार (सी-२०१): फॅन

देशपांडे काकू (ए-३०४, वकील): ओंकार, आधीचा सोसायटीचा डेटा पुसून मग टाक, आणि पुसलं असं लेखी दे.

शिंदे (सेक्रेटरी): रविवारी करूया. बॅकअप मी घेतलाय.

समीर (बी-६०३): आणि काका तुमचं बटण. खालच्या पट्टीवर रिकाम्या जागी राईट क्लिक करा, टास्कबार सेटिंग्ज येईल, त्यात खाली टास्कबार बिहेव्हियर्स, तिथे अलाइनमेंट सेंटर आहे ते लेफ्ट करा. एन्टर दाबायची गरज नाही.

पटवर्धन काका: थांबा खाली जाऊन येतो.

नेने काकू (सी-४०४): टँकर आलाय, हॉर्न वाजवतोय, गेट कोण उघडणार?

शिंदे (सेक्रेटरी): पटवर्धन काका खालीच गेलेत काकू.

पटवर्धन काका: गेट उघडलं. बटण डावीकडे आलं. हवामान आता उजव्या कोपऱ्यात गेलंय, २५ डिग्री. पावत्या उद्या ११ ते १ ऑफिसात मिळतील, सुटे पैसे आणावेत.