बायपासनंतर ऑफिस: सुरुवात कशी करावी?

प्रश्न: बायपासला दहा आठवडे झाले. डॉक्टरांची परवानगी आहे, पण लोकलची गर्दी आणि आठ तास बसणं झेपेल का, याचीच धास्ती वाटते.

– आधी घरीच तालीम करा. ऑफिसच्या वेळेला उठून आवरा, दोन तास टेबलाशी बसा, दर तीन दिवसांनी तासभर वाढवा. मध्ये उठून पाच मिनिटं चाला. थकवा बहुधा दुपारनंतर गाठतो, सकाळच्या हुशारीवर जाऊ नका.

– फिटनेस सर्टिफिकेटवर नुसतं ‘फिट’ नको. ‘चार आठवडे अर्धा दिवस, जड उचलणं नाही’ असं लिहून घ्या. तोंडी बोलणं एचआर सोयीस्कर विसरतं!

– छातीचं हाड पुरतं जुळायला साधारण तीन महिने लागतात. तोवर गर्दीची लोकल टाळा, कडीला लोंबकळू नका. छातीत दाब वाटला तर ऑफिस राहू द्या, थेट हॉस्पिटल.